शुक्रवारचं इंटेन्शन

शाळेचा नळ अजून गळतोय. फाटक नवं झालं, भिंतींचा पिवळा रंग जाऊन गुलाबी आला, शिपायाच्या खुर्चीशेजारी कॅमेऱ्यांचा टीव्ही आला, पण चिंचेखालचा तो नळ मेला तसाच, आणि त्याच्या खालच्या फरशीवर तेच शेवाळ. मी सकाळी सकाळी तिथं उभी होते, हातात सईचा डबा. सई म्हणजे माझी लेक, सातवी ब. शुक्रवार होता, पालकांना वर्गप्रदर्शन बघायला बोलावलं होतं, आणि मी नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी पोचले होते. आत निघाले तेवढ्यात घंटा झाली. शिपाई म्हणाला, "मॅडम, प्रार्थना सुरू होतेय. संपेपर्यंत इथंच थांबा."

थांबले. या नळापाशी थांबायची मला सवय आहे म्हणा.

मीही याच शाळेतली. मीही सातवी 'ब'चीच. जळगावात तेव्हा उन्हाची सुरुवात फेब्रुवारीतच व्हायची, आणि सिस्टर लोकांच्या चॅपलमधून मेणबत्त्यांचा वास यायचा, न पेटवता नुसता उन्हानं मऊ झालेल्या मेणाचा. त्यात फिनाईल, त्यात चिंचेचा कुजका पाला, आणि माझ्या अंगाला येणारा माझा स्वतःचा वास. बाबा डाळमिलमध्ये सुपरवायझर होते. तुरीचा भुसा त्यांच्या शर्टात, चपलेत, केसांत असायचा, आणि तिथून आमच्या चादरींत, माझ्या दप्तरात. डब्याचं झाकण उघडलं तरी आधी भुसाच नाकात जायचा. मला तो वास आवडायचा. आजही एमआयडीसीवरून जाताना मी रिक्षावाल्याला जरा हळू घ्यायला सांगते.

तर शुक्रवार. शुक्रवारी असेंब्लीत प्रत्येक वर्ग आपली बातमी सांगायचा. वर्गवार्ता म्हणायचे तिला. पाचवीच्या खिडकीत कापसावर पेरलेली मेथी उगवली. सहावीनं नाताळच्या गोठ्यासाठी कडबा आणला आणि तो बाहेर ठेवल्यावर दूधवाल्याच्या म्हशीनं खाल्ला. सातवी 'अ'च्या मुलींनी खो-खोत भुसावळच्या शाळेला हरवलं. माईक शिट्टी मारायचा, सांगणारी पोर कागद नाकाशी धरायची, टाळ्या पडायच्या. इतक्या गोड बातम्या जगात कुठल्या पेपरात छापून येत नाहीत. आणि बातमी संपली की इंटेन्शन.

हे इंटेन्शन म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेचं, सिस्टर फिलोमिनांचं डोकं. चर्चमध्ये मिस्साच्या वेळी लोक एकमेकांसाठी देवाकडे मागणं मागतात, आणि सगळे मिळून म्हणतात, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." सिस्टरांना वाटलं, पोरांनी का मागू नये? आमच्या वर्गात ख्रिश्चन पोरं हाताच्या बोटांवर. बाकी आम्ही लेवा पाटील, मारवाडी, जैन, बौद्ध, मुसलमान, सगळ्या जातीपातीचे. पण हात जोडायला कोणाची ना नव्हती.

सिस्टर केरळच्या. मराठी बोलताना त्यांचं बाई-पुरुष एक व्हायचं. त्या सांगायच्या, "स्वतःसाठी मागायचा नाही हं, मुलांनो. ते स्वार्थ. दुसऱ्यासाठी मागा. दुसऱ्यासाठी मागते त्याचा मन मोठा." हा पहिला नियम. दुसरा नियम, एका वर्गाचं एकच इंटेन्शन, नाहीतर पहिला तास बुडेल. आणि तिसरा, ज्याच्यासाठी मागायचं त्यानं स्टेजवर येऊन उभं राहायचं, म्हणजे सगळ्या शाळेला कळेल आपण कोणासाठी देवाला हाक मारतोय. झाल्यावर त्यानं माईकवर म्हणायचं, "थँक्यू, सर्वांना."

बाईचं मन खरंच चांगलं होतं हो. मी आजही तिला वाईट म्हणणार नाही.

गुरुवारी शेवटच्या तासाला आमच्या रोझी टीचर खडू ठेवून विचारायच्या, "उद्या कोणासाठी?" ज्याचा हात आधी वर, त्याचं इंटेन्शन. शुक्रवारी तोच माईकवर बोलणार. सुरुवातीला कसं, कोणाच्या आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कोणाचा मोती कुत्रा हरवला, कोणाची स्कॉलरशिपची परीक्षा. मग एका गुरुवारी कोणीतरी हात वर करून म्हणालं, "रोहिणीच्या वडिलांची दारू सुटावी म्हणून." रोझी टीचरांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, किती समजूतदार पोरं! आणि आम्हाला सगळ्यांना त्याच क्षणी कळलं की आपल्या हातात काय आलंय.

त्यानंतर आमच्या वर्गाची भक्ती अशी वाढली म्हणता! प्रियाच्या डोक्यातल्या उवा जाव्यात म्हणून साऱ्या शाळेनं हात जोडले. मुक्ताईनगरच्या सहलीत बसमध्ये ज्याची चड्डी ओली झाली होती, त्याला पुढच्या सहलीत देवानं सांभाळून घ्यावं म्हणून जोडले. वरच्या वर्गात एका मुलीच्या बहिणीचं लग्न रंगामुळे जमत नव्हतं, तिच्यासाठी जोडले. ज्याचं नाव निघालं तो स्टेजवर उभा, नजर बुटांवर, आणि खाली आम्ही सगळे डोळे मिटून. मिटून कसले, किलकिले करून. "तिचं इंटेन्शन निघालं" असं आम्ही म्हणायचो, हळू आवाजात, तोंडावर हात धरून.

संदीपचं निघालं तो दिवस मला विसरता येत नाही. संदीप चित्रं काढायचा. वर्गातला भारताचा नकाशा त्यानंच रंगवलेला होता, बातम्यांच्या फळ्यावरची नक्षी त्याचीच. गोड आवाजाच्या कोणीतरी म्हटलं, "संदीपच्या पप्पांना नगरपालिकेत दुसरं काम मिळावं म्हणून." एवढंच. पहिलं काम कोणतं, ते कोणी म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. सिस्टरांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो "थँक्यू, सर्वांना" म्हणाला, स्पष्ट, खणखणीत. आणि त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत त्याच्या डब्यात कोणी हात घातला नाही. त्यानं फळ्यावर परत नक्षी काढली नाही. देवाला नावं ठेवायची नाहीत म्हणतात, नाही ठेवत. पण पोरांच्या जोडलेल्या हातांची मला आजही भीती वाटते.

त्या वर्षी दिवाळीनंतर आई धुळ्याला माहेरी गेली आणि परत आली नाही. का गेली, ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. फराळाचे डबे अर्धे होते. तिच्या साड्यांचं कपाट उघडलं की नुसता डांबराच्या गोळ्यांचा वास. बाबा खिचडी लावायचे, रोज, आणि रोज म्हणायचे, "आज जरा बरी झाली." मला कशाचं काही वाटलं नसतं, एक सोडून. माझं इंटेन्शन निघता कामा नये. मी तेवढंच मनात धरून बसले होते. आई गेली तर गेली, पण ती गेली हे स्टेजवरून जाता कामा नये.

म्हणून मी वर्गात सांगितलं, धुळ्याचे आबा आजारी आहेत, आई सेवेला गेलीय. आबांना काय धाड भरली होती! ते गल्लीत ओट्यावर बसून पत्ते कुटत होते. पण आमच्या सातवी 'ब'नं त्यांच्यासाठी दोनदा प्रार्थना केली. मी स्टेजवर उभी राहिले, थँक्यू म्हटलं, आणि खाली उतरताना मला हसू दाबावं लागलं. ते एक संरक्षण होतं. आजारी आबा असलेल्या मुलीकडे कोणी दुसरं काही शोधत नाही.

फक्त वेण्यांचं काय करायचं? शाळेचा नियम कडक, दोन वेण्या, वर दुमडलेल्या, लाल रिबीन. आई घालायची तेव्हा डोक्याची कातडी ओढली जायची. मला घालता येत नव्हत्या. एक वेणी कानावर, एक मानेत. मग वैशू मला असेंब्लीच्या आधी या नळापाशी घेऊन यायची. वैशू म्हणजे वैशाली, माझ्या बाकावरची, मागच्याच गल्लीतली. ती हात ओले करून केस चापून बसवायची, रिबीन दातांत धरायची, आणि दात न उघडता बोलायची, "मान सरळ ठेव ना गं." नळाचं पाणी बोअरचं, खारट. तिच्या बोटांचा वास तिच्या घरच्या ठेच्याचा. माझ्या डोळ्यांत जायचं ते पाणी, आणि मी म्हणायचे, ठेचा झोंबला.

वैशूला सगळं माहीत होतं. तिच्या आईलाही. ती अमळनेरकडची, तिनं मला ओसरीवर बसवून सरळ अहिराणीत विचारलं होतं, "तुनी माय कोठे शे वं?" आणि मी काही बोलायच्या आत माझ्या ताटात ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, वर वांग्याचं भरीत, केवढं तरी. "खाय. बठ्ठं चांगलं व्हई." सगळं चांगलं होईल म्हणे. भाजलेल्या वांग्याच्या धुराचा तो वास! मी तिथं इतकी जेवले की मला लाज वाटली. वैशूनं माझ्या गळ्याची शपथ घेतली होती, कोणाला सांगणार नाही. आणि तिनं नाही सांगितलं. दिवाळी गेली, नाताळ गेला, संक्रांतीला तिच्या आईनं मला तिळाचे लाडू दिले, वैशूच्या तोंडातून ब्र नाही.

मग फेब्रुवारीत वैशूच्या मोठ्या बहिणीची सोयरीक मोडली. साखरपुडा झालेला, मुलाकडच्यांनी नारळ परत पाठवला. आमच्या भागात अशी गोष्ट चहाच्या कपाबरोबर घरोघरी फिरते. सोमवारी वर्गातल्या दोन पोरी वैशूकडे बघून एकमेकींना कोपर मारत होत्या. बुधवारी चौघी. वैशू डबा खात नव्हती. मी म्हटलं, "अगं, काही नाही होत." ती माझ्याकडे बघत राहिली.

गुरुवारी रोझी टीचरांनी खडू ठेवला. "उद्या कोणासाठी?" हा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझ्या शेजारचा हात वर गेला. इतका पटकन की बाक हलला.

शुक्रवारी आधी वर्गवार्ता झाली. आमच्या वर्गानं काचेच्या बरणीत ठेवलेल्या सुरवंटाचा कोष झाला होता, फुलपाखरू येणार होतं. टाळ्या. मग वैशू माईकपाशी गेली, हात जोडले, आणि माझं नाव घेतलं. "तिची आई घर सोडून गेली आहे. देवानं तिला सुबुद्धी द्यावी आणि ती परत यावी म्हणून आपण प्रार्थना करूया." तिचा आवाज जराही कापला नाही. मी स्टेजवर कशी चढले ते आठवत नाही. उन्हानं तापलेली फरशी आठवते, बुटाच्या तळातून चटका लागत होता. साऱ्या शाळेचे हात जोडलेले, किलकिले डोळे, आणि तो एकसुरी आवाज, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." सिस्टर माझ्या कानाशी म्हणाल्या, "बोल, बाळ." मी बोलले, थँक्यू, सर्वांना.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. मी नळापाशी उभी होते, कारण जाणार कुठे? वैशू आली. हात ओले केले, रिबीन दातांत धरली. मी तिला ढकलून देईन, थोबाडीत मारीन, असं काय काय रात्रभर ठरवलं होतं. पण असेंब्लीची घंटा व्हायची होती आणि मला वेण्या घालता येत नव्हत्या. मी मान सरळ ठेवली. तिनं वेण्या घातल्या, नेहमीपेक्षा घट्ट.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एसटीनं धुळ्याला गेले. आई मागच्या अंगणात पापड वाळत घालत होती. उडदाच्या पिठाचा, हिंगाचा वास, आणि तिच्या हातांना तेल. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. ती मान वर न करता म्हणाली, "माझ्या सुबुद्धीसाठी शाळा हात जोडत होती म्हणे?" मी चपला काढल्या. "त्यांना म्हणावं, बस करा आता. मी काही यायची नाही." आणि एक ओला पापड माझ्या हातावर ठेवला, खा म्हणून. खाल्ला मी. चव चांगली होती.

बरणीतलं ते फुलपाखरू आलंच नाही. कोष काळा पडला, वास मारायला लागला, शिपायानं बरणी फेकली. ती बातमी मात्र कोणी माईकवर सांगितली नाही.

आणि मी कुठं लग्न करून जावं? धुळ्यालाच. पुढचं सांगत नाही, सांगण्यासारखं नाही. गेल्या जूनमध्ये सईला घेऊन बाबांकडे परत आले. बाबा आता घरीच असतात, खिचडी तशीच करतात. आणि लेकीला घातलं कुठं? याच शाळेत. तुम्ही विचाराल, बाई, तुझं डोकं फिरलं होतं का? मुलींसाठी चांगली शाळा आहे, शिस्त आहे, सगळं गाव म्हणतं. मीच म्हणते चारचौघींत. शिवाय मला वाटलं, एवढ्या वर्षांत ते इंटेन्शन बंद झालं असेल. पहिल्याच आठवड्यात सईनं घरी येऊन विचारलं, "मम्मी, पप्पा कुठे आहेत म्हणून सांगू? शुक्रवारी नाव काढतात." तेव्हा कळलं, नाही झालं बंद. मी म्हटलं, दुबईला. लगेच तोंडात आलं. आजारी आबांपेक्षा दुबई बरी, लांब आहे.

तेव्हापासून गुरुवार आला की माझा जीव थाऱ्यावर नसतो. सईची मैत्रीण मिताली. नशिराबादहून बसनं येते, शांत पोर, जेवताना ताटाबाहेर शीत सांडत नाही. गेल्या रविवारी आमच्याकडे आली होती. मी शेवभाजी केली होती. घास हातात धरून ती एकदम म्हणाली, "आंटी, पप्पांना पोलिसांनी नेलंय." आणि रडायला लागली, आवाज न करता. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "बेटा, ही गोष्ट या घरातून बाहेर जाणार नाही. मी शब्द देते." सई समोरच होती. तिनं मितालीला पाणी आणून दिलं. मला वाटलं, पोर माझ्यावर गेली, मायाळू आहे.

काल संध्याकाळी सईनं सांगितलं होतं, वर्गातल्या कोणीतरी तिला विचारलं, दुबईतून व्हिडिओ कॉल का नाही येत? एवढं सांगून ती शांतपणे जेवली. दोनदा भात घेतला. मी मात्र सकाळपासून पाण्यावर होते.

माईकनं शिट्टी मारली. मी नळाचा पाईप धरून उभी, स्टेज समोरच दिसत होतं. पाचवीची बातमी झाली, सहावीची झाली. सातवी 'अ'च्या पोरांनी केळीच्या सालपटांपासून कागद केला म्हणे. सातवी ब. ठिबक सिंचनाचं मॉडेल, टाळ्या. मी डोळे मिटून घेतले. देवा, तिचं नाव नको. दुसरं कोणाचंही घे, माझ्या लेकीचं नको.

"आमच्या वर्गातल्या मितालीसाठी," माईकमधून आवाज आला, "तिचे पप्पा जेलमध्ये आहेत. ते निर्दोष असतील तर लवकर सुटावेत म्हणून आपण प्रार्थना करूया."

गोड आवाज. स्वच्छ उच्चार. मी डोळे उघडले. माईकपाशी सई होती, हात जोडून. बाजूला मिताली, नजर बुटांवर.

साऱ्या शाळेबरोबर माझ्याही तोंडून बाहेर पडलं, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." इतक्या वर्षांनी शब्द न अडखळता आले. आणि खरं सांगते, माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. आमचं नाव नव्हतं. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

असेंब्ली सुटल्यावर सई पळत आली. मी तिचा दंड धरला. "काय केलंस गं हे? मी शब्द दिला होता तिला."

"तू दिला होतास, मम्मी," ती म्हणाली. रागानं नाही, मला समजावून सांगितल्यासारखं. "एका वर्गाचं एकच निघतं. काल मी हात वर केला नसता तर आपलं निघालं असतं."

मी तिचा दंड सोडला. दुसरं काय करणार होते? मागून मिताली येत होती, हळूहळू. एक वेणी सुटलेली, रिबीन खांद्यावर.

"ये इकडे," सई तिला म्हणाली. नळ सोडला, हात ओले केले, रिबीन दातांत धरली. मिताली तिच्यापुढे पाठ करून उभी राहिली आणि तिनं मान सरळ ठेवली.

मला ते बघवेना. काहीतरी करायचं म्हणून मी डबा उघडला. कळण्याची भाकरी होती, वर भरीत. मितालीसाठी एक जास्तीची घातली होती, सकाळीच. ती पुढं केली. तिनं दोन्ही हातांनी घेतली.

"थँक्यू, आंटी," ती म्हणाली.